नऊ नंबरचा खुंट

वर्षाराणी गोठ्याच्या मधोमध मोजणीची पट्टी धरून उभी होती आणि मागून चांदी म्हैस तिचा पदर चघळत होती. हलायची सोय नव्हती. पट्टी जरा कलली की बाहेर तीन पायांच्या तिकाटण्यावरच्या दुर्बिणीला डोळा लावून बसलेले चिमाजीआण्णा दाराच्या चौकटीतून हाक द्यायचे, "बुडबुडा बघा ताई, बुडबुडा."

पट्टीच्या पाठीला काचेची बारकी डबी होती आणि तिच्यात हवेचा बुडबुडा. तो मधल्या गोलात राहिला की पट्टी सरळ. वर्षाराणीनं एका हातानं म्हशीचं तोंड ढकललं, दुसऱ्या हातानं पट्टी सावरली. बुडबुडा गोलात आला.

"नऊ नंबर झाला. चला," आण्णा म्हणाले.

माघ उतरणीला लागला होता. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, मार्गासनीवरून आलेली सडक संपते तिथून अर्धा तास चढलं की जांभूळटेप ही टेकाडावरची वस्ती लागते. पाच घरं, सगळी धनगरांची. टोकाचं घर हैबतीचं. हैबती सत्तरीच्या पुढचा, त्याची बायको साळूबाई, मुलगा रोहिदास आणि सून वर्षाराणी. सात म्हशी, दोन गाया, वीसेक शेळ्या. रोहिदास रोज सकाळी मोटारसायकलला किटल्या अडकवून दूध मार्गासनीच्या डेअरीत घालून यायचा.

टेपाच्या पोटातून बोगदा चालला होता. वेल्ह्याच्या खोऱ्यातलं पावसाळ्याचं जादा पाणी भोरच्या अंगाला न्यायचं होतं. हैबतीच्या वावराखालून तो तीस मीटरवर जाणार होता. खाली डोंगर पोखरला की वर जमीन किती बसते ते बघायला कंपनीनं टेपावर सतरा लोखंडी खुंट सिमेंटमध्ये ठोकले. काही वावरात, काही अंगणात, आणि नऊ नंबरचा गोठ्यात. रोज दोन वेळा पट्टी धरायला कुणीतरी हवं होतं. वर्षाराणी धावी झालेली, आणि घर इथंच. ती रोजावर लागली.

हैबतीला खुंट पटले नव्हते. पहिल्याच आठवड्यात गोठा झाडताना त्याच्या पायाचा अंगठा नऊ नंबरवर आपटला आणि नख उपटलं. हळद चेपून बसल्या बसल्या तो म्हणाला, "माज्या आज्यानं हितं गोठा घातला. तवापास्नं जमीन हाय तितंच हाय. तिला आता खुट्टी मारून बगत्यात, कुठं पळून जाती का."

"पळून न्हाई बाबा, बसती का ते बघतोय," चिमाजी म्हणाले.

चिमाजी पन्नाशीचे, उत्रोलीचे. घरची भातखाचरं होती, आणि तीस वर्षं त्यांनी धरणं, कालवे, रस्ते मोजले होते. बोलायला उगीच घाई करत नसत. अंगणात बाज होती, तिच्याकडं बोट करून ते म्हणाले, "ह्या बाजेवर तुमी मधी बसलात की सुंभ कसं मधी लई वाकतं आणि कडंला कमी? खाली पोकळी झाली की वरची जमीन तशीच वाकती. केसाएवढी. डोळ्याला दिसत न्हाई. किती वाकंल त्याचा आमी आधी हिशेब मांडतो, आन् मग रोज बघतो की ती हिशेबापरमानं वाकती का जास्त."

"आन् जास्त वाकली तर?"

"तर आधी कळतं."

हैबतीनं तंबाखू मळायला घेतली.

कामात वर्षाराणीचा जीव रमला. दुपारी म्हशी पाण्यावर गेल्या की चिमाजी तिला दुर्बिणीला डोळा लावायला द्यायचे. आधी तिला सगळं धूसरच दिसलं. मग चाक फिरवता फिरवता एकदम पट्टीवरचे तांबडे-काळे आकडे डोळ्यापुढं आले, ताटातल्या भातासारखे जवळ. आडवी रेघ ज्या आकड्यावर बसेल तो वाचायचा. आकडा वाढला म्हणजे खुंट खाली गेला. घरामागं कातळ होता, त्यावर पांढऱ्या रंगाची खूण. ती हलत नाही असं धरायचं आणि बाकी सगळं तिच्याशी ताडून बघायचं. पंधरा दिवसांत ती आण्णांच्या बरोबरीनं वाचायला लागली. वहीत आकडेही तीच लिहायची, कारण आण्णांचं अक्षर त्यांचं त्यांनाच लागत नसे.

शिवरात्र झाली आणि बोगद्याचं तोंड टेपाखाली आलं. सुरुंग उडाला की घरातली भांडी एकमेकांना लागायची, शेळ्या कान टवकारायच्या. बोगद्याची रेघ वावरातून जात होती. चार आणि पाच नंबरचे खुंट बरोबर तिच्यावर. ते दोन-तीन मिलिमीटर बसले आणि थांबले. हिशेबातही तितकंच होतं. आण्णा खूश होते.

सोमवारी सकाळी नऊ नंबर दोननं वाढला.

वर्षाराणीनं परत बघितलं. दोनच. नऊ नंबर तर रेघेपासून पंधरा-वीस पावलं बाजूला होता. तिथं काही व्हायचं कारण नव्हतं. मंगळवारी सकाळी तो पाचवर गेला. आण्णांनी तिला पट्टी धरायला लावली आणि स्वतः तीनदा वाचलं. मग तिला वाचायला बसवून स्वतः पट्टी धरली. पाचच.

त्याच दुपारी कंपनीचे मोठे साहेब टेप चढून आले. बरोबर ड्रायव्हर. साहेबांच्या कपाळाला घाम होता आणि बुटाला नुकतंच लागलेलं शेण ते दगडावर घासत होते. चिमाजींनी वही पुढं केली.

"पट्टी कोण धरतं?" साहेबांनी विचारलं.

"ह्या ताई."

साहेबांनी वर्षाराणीकडं बघितलं. ती गोठ्यातून आली होती, पाय घोट्यापर्यंत भरलेले. "अहो चिमाजी, शेणात उभं राहून तुम्ही मिलिमीटर मोजताय. बाईनं पट्टी तिरकी धरली असेल. नकाशात इथं काही नाही. रेघ तिकडं आहे."

ड्रायव्हर हसला. वर्षाराणीनं एक पाय दुसऱ्या पायामागं घेतला.

"पट्टी तिरकी न्हवती साहेब," चिमाजी म्हणाले. "म्या सोता धरून बघितली. आन् दोन दिस झालं, खाली बोगद्यात डाव्या अंगानं तांबडं पाणी येतंय. डावं अंग म्हंजे ह्या गोठ्याचं अंग. कातळाच्या मधी गेरूचा थर असनार, तो पान्याबरूबर वाहून चाललाय."

"पुढच्या सोमवारी पुण्याहून नवीन मशीन येतंय. तेव्हा बघू. तोवर हा खुंट वहीतून काढून टाका, उगाच घोटाळा नको."

साळूबाईनं ताकाचा तांब्या आणला होता. साहेब घेतला न घेतला करून उतरून गेले.

चिमाजींनी खुंट वहीतून काढला नाही. त्या संध्याकाळी वर्षाराणी पाय घासून धुवून धारेला बसली. धारा काढताना रोहिदासनं विचारलं, "काय झालं गं?"

"काय न्हाई."

"तिरकी धरली हुतीस का?"

तिनं आचळावरचा हात थांबवला. "तुमी बी तसंच इचारा आता."

रोहिदास ओशाळला. थोड्या वेळानं म्हणाला, "म्या आपलं इचारलं." आणि तिच्या पुढ्यातली भरलेली किटली स्वतः उचलून नेली.

बुधवारी सकाळी हैबती गोठा धूत होता. शेण भरून झालं की तो दोन बादल्या पाणी वरच्या भिंतीपासून सोडायचा. गोठ्याची फरशी त्यानं स्वतः बसवलेली, उतार दाराच्या बाजूच्या मोरीकडं. पाणी ओतलं की ते उरलंसुरलं शेण घेऊन सरळ मोरीला जायचं. खराटा नुसता मागून फिरवायचा. आज पाणी निघालं, मधोमध आलं आणि नऊ नंबरच्या खुंटाभोवती थांबलं.

हैबतीनं खराट्यानं ते पुढं लोटलं. ते परत मागं आलं.

त्यानं खराटा भिंतीला लावला. मग मोरी बघितली; ती मोकळी होती. खाली बसून त्यानं फरशीवर तळहात ठेवला, दोन दगडांच्या सांध्यातून बोट फिरवलं. सांधा उघडला होता. करंगळीचं नख आत जात होतं.

"सूनबाई," त्यानं हाक मारली. "जरा हिकडं ये."

वर्षाराणी आली. हैबतीनं थारोळ्याकडं नुसतं बोट केलं. मग विचारलं, "तुज्या वहीत काय लिवलंय ह्या खुटाचं?"

इतक्या दिवसांत त्यानं हे पहिल्यांदा विचारलं होतं.

"सोमवारी दोन, मामा. काल पाच. आज अजून बघायचाय."

"बग मग. चिमाजीला बलीव."

त्या सकाळी आकडा अकरा निघाला.

चिमाजींनी आलेखाच्या कागदावर टिंबं मांडली आणि जोडली. रेघ आधी सपाट होती, मग जराशी वाकली आणि आता धारेला लागल्यासारखी खाली निघाली होती. हैबती, रोहिदास, साळूबाई सगळे कागदावर वाकले.

"रोज दुपटीनं चाललंय," चिमाजी म्हणाले. "असंच ऱ्हायलं तर शनिवार. एखादा दीस हिकडं-तिकडं."

"घर?" साळूबाईनं विचारलं.

"घराजवळचे तीन खुंट केसभर बी हललं न्हाईत. घर कातळावर हाय, वैनी. गोठ्याचं मातर म्या सांगू शकत न्हाई."

"सायेब तर म्हनला, काय न्हाई हितं," रोहिदास म्हणाला.

हैबती उठला. "सायबानं पानी वतून बगितलं का?" त्यानं डोक्याचं पागोटं काढून खुंटीला अडकवलं. "पत्रं काढायला लागा. गुरं आधी."

चिमाजी तसेच खाली उतरले. बोगद्याच्या तोंडाशी गेनबा मुकादम होता, पाळीवरची माणसं त्याच्या हाताखाली. चिमाजींनी त्याला कागद दाखवला. गेनबानं कागदाकडं फारसं बघितलं नाही. दोन दिवस तांबडं पाणी वाढताना त्यानंही बघितलं होतं. तो म्हणाला, "मला कुनीतरी सांगायची वाट बगत हुतो." त्यानं माणसं बाहेर काढली आणि कचेरीत कळवलं की पंप बिघडलाय. साहेबांचा फोन आला, आवाज चढला, पण माणसं आत गेली नाहीत.

वर टेपावर दोन दिवस दुसरं काम झालं नाही. बुधवारी गुरं हलवली. घरामागच्या कातळाच्या पलीकडं सपाट माळ होता, तिथं रोहिदासनं दावणी ठोकल्या. सहा म्हशी मुकाट गेल्या. चांदी गाभण होती, दिवस भरत आलेले. तिनं गोठ्याच्या उंबऱ्यात पाय रोवले. रोहिदासनं ओढलं, मागून हैबतीनं लोटलं. ती जागची हलेना. शेवटी साळूबाई तिच्या गव्हाणीतली उरलेली वैरण पदरात घेऊन पुढं चालायला लागली, नावानं बोलत, माहेरी चाललेल्या पोरीशी बोलावं तशी. तेव्हा कुठं ती निघाली. दोन दिवस बाकीच्या म्हशींनी दूध चोरलं. रोहिदासच्या किटल्या निम्म्यावर आल्या. डेअरीत विचारलं तर तो म्हणाला, "घर बदाललंय त्यास्नी."

गुरुवारी पत्रे उतरवले. चिमाजी म्हणाले होते, आत एका वेळी एकानंच जायचं आणि खुंटाजवळ पाय द्यायचा नाही. रोहिदास भिंतीवर चढून खिळे काढायचा, वर्षाराणी भिंतीच्या बाहेर उभी राहून पत्रा झेलायची. उन्हानं पत्रे तापलेले. तिनं हाताला फडकी गुंडाळली तरी तळव्याला फोड आले. शेजारची चार घरं न बोलावता आली. मग वासे, मग छपराचं मधलं तुळईवजा आडं. आडं सागाचं, हैबतीच्या आज्यानं घातलेलं, आठ माणसांनी खांद्यावर घेतलं आणि पावलं मोजत कातळापर्यंत नेलं. हैबती मागं राहून भिंतीचे दगड बघत होता. चांगले घडीव दगड. तो वरचा थर उतरवायला लागला तेव्हा वर्षाराणी म्हणाली, "मामा, नगा. भित हलवली की जमीन हलंल."

"दगुड जात्याल की गं."

"जाऊ द्या. आज चौदा मिलिमीटर एका दिसात गेलंय."

हैबतीनं हातातला दगड तसाच भिंतीवर ठेवला आणि बाहेर आला.

शुक्रवारी ती आत गेलीच नाही. चिमाजींनी लांब बांबूला पट्टी बांधली, दारातूनच खुंटावर टेकवली. आकडा साठाच्या पुढं गेला होता. आता दुर्बिणीचीही गरज नव्हती. फरशीचा खोलगा डोळ्यालाच दिसत होता. चिमाजींनी गोठ्याभोवती लांबून सुतळी ओढली आणि तिला तांबड्या चिंध्या बांधल्या. साळूबाईनं शेळ्या घरात कोंडल्या.

शनिवारी दुपारी सगळे जेवायला बसले होते. भाकरी, हुलग्याचं माडगं. चिमाजीही पानावर होते. आवाज फार झाला नाही. मोठ्या कणगीतलं धान्य एकदम खाली सरकावं तसा घसरल्यासारखा आवाज, आणि मग दगडावर दगड. बाहेर आले तेव्हा तांबडी धूळ वर चढत होती.

धूळ बसायला वेळ लागला. गोठ्याच्या जागी खळ्याएवढा गोल खड्डा होता, तीन पुरुष खोल. मागची भिंत पूर्ण गेलेली, दाराकडची अर्धी उभी. मोरी कडंला लोंबत होती. तळात तांबडी माती, मधूनमधून हैबतीचे घडीव दगड. सुतळी कुठंच तुटली नव्हती. खड्डा तिच्या आत, चारी बाजूंनी हातभर जागा सोडून.

मग साळूबाईनं दावणीला बांधलेल्या म्हशी मोजल्या. रोज संध्याकाळी मोजायची तशा, बोट करून. सात. गाया दोन.

खाली बोगद्यात माती आणि पाणी वीस-पंचवीस मीटर पसरलं होतं. एरवी पाळीवरची अकरा माणसं तिथंच उभी असती. गेनबा स्वतः टेप चढून वर आला, खड्डा बघितला आणि वर्षाराणीला म्हणाला, "वहिनीसायेब, तुमीच का त्या वहीवाल्या?" तिनं त्याला पाणी दिलं.

साहेब संध्याकाळच्या आत आले. या वेळी ड्रायव्हर खालीच राहिला होता. त्यांनी खड्ड्याच्या कडंला उभं राहून खूप वेळ बघितलं, आणि मग वही मागितली. सोमवारपासूनची पानं एकेक करून वाचली.

"हे आकडे कुणी लिहिले?"

"म्या," वर्षाराणी म्हणाली.

"आता पुढं कुठं सरकतंय का ते बघायला हवं." त्यांनी चिमाजींकडं बघितलं. चिमाजी तंबाखू मळत होते. ते उठले नाहीत. वर्षाराणीनं तिकाटणं उचललं, कातळाजवळ नीट रोवलं, दुर्बीण बसवली. पट्टी तिनं साहेबांच्या हातात दिली.

"आठ नंबरवर धरा. सरळ."

साहेब आठ नंबरवर गेले. मधे शेणाचा ढीग होता, तो ओलांडून. पट्टी त्यांच्या हातात जरा डुलत होती. पट्टी थांबेपर्यंत तिनं वाट बघितली आणि आकडा वाचला. काल होता तोच. तिनं तो वहीत लिहिला आणि सही केली.

परत आल्यावर साहेब म्हणाले, "त्या दिवशी मी बोललो ते चुकीचं होतं." मोठ्यानं म्हणाले, रोहिदासला आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं. वर्षाराणीनं मान हलवली. साळूबाईनं पुन्हा ताक आणलं. त्यांनी सगळं प्यायलं.

चैत्रभर खड्डा भरायचं काम चाललं. खालून सिमेंट, वरून मुरूम. बोगद्यात लोखंडी कमानी लावून माणसं पुढं गेली, आता एकेक हात करत. कंपनीनं नव्या गोठ्याला दगड आणि पत्रा दिला. आडं जुनंच घालायचं हैबतीनं ठरवलं. जागा त्यानं कातळाच्या पलीकडं बघून ठेवली होती. पण पाया खणायच्या आधी तो सुनेला म्हणाला, "तितं एक खुटी मार. आठ दीस बग."

"कातळ हाय की मामा तितं."

"मार तरी."

तिनं मारली. आठ दिवस रोज आकडा तोच आला, आणि रोज संध्याकाळी हैबती तो विचारून घ्यायचा. नवव्या दिवशी त्यानं कुदळ घातली. चांदी नव्या गोठ्याची भिंत गुडघ्याएवढी झाली तेव्हा व्याली. रेडी झाली. दूध पुन्हा किटलीच्या काठाला आलं.

वैशाखात बोगद्याचं तोंड पुढच्या वाडीखाली निघालं, भोरच्या अंगाला आंबेदांडाखाली. चिमाजींना दुसऱ्या टोकाला जावं लागलं. आंबेदांडाची दुर्बीण वर्षाराणीकडं आली, आणि पट्टी धरायला त्याच वाडीतली एक सून. रोहिदास डेअरीला जाताना तिला दांडाच्या पायथ्याला सोडायचा.

पहिल्याच सकाळी चौदा नंबरचा खुंट सापडेना. तो भामाबाई नावाच्या म्हातारीच्या अंगणात होता. एकटीच राहायची. तिनं खुंटावर कोंबड्यांचं डालगं पालथं घातलं होतं आणि डालग्यावर स्वतः बसली होती.

"आजी, तेवढं उचलता का? खुट बगायचाय."

"न्हाई." म्हातारीनं तिला खालून वर बघितलं. "जांभूळटेपावर जमीन गेली म्हनं. खुट मारल्याव गेली."

"गेली. आमचाच गोठा हुता."

म्हातारीनं डालग्याची कड धरली. मग म्हणाली, "माजं घर बसंल का गं?"

अशा वेळी काय सांगायचं ते कचेरीत सांगून ठेवलेलं होतं: काही होणार नाही, घाबरू नका. वर्षाराणीनं दुर्बीण खाली ठेवली आणि म्हातारीच्या शेजारी जमिनीवर बसली.

"मला ठावं न्हाई, आजी. आज बसलंय का तेवढं बगून सांगती. उद्या परत येनार हाय, उद्याचं उद्या सांगीन. आन् बसायला लागलं तर पयलं तुमाला सांगीन, सायबाला मागनं."

भामाबाईनं तिच्या तोंडाकडं बघितलं, मग तिच्या पायाकडं. वाटेत कुठंतरी शेण लागलेलं होतं.

म्हातारी उठली, डालगं उचललं. कोंबड्या अंगणभर झाल्या.

"बग मग," ती म्हणाली. "आन् जाताना चा घिऊन जा."